पिवळ्या फ्रॉकचा वाढदिवस

ती स्वस्थ बसलेली आजवर कुणी पाहिलेली नाही. बस थांब्यावर उभी असली तर शेजारणीच्या पिशवीचा पिळलेला बंद सरळ करील, दवाखान्यात गेली तर तिथल्या मासिकांचा गठ्ठा कडेला कडा लावून ठेवील, आणि कुणाकडे चहाला गेली तर बोलता बोलता ट्रेमधल्या सगळ्या कपांचे कान एका बाजूला वळवून टाकील. घरच्या बाईला वाटायचं, आपल्याला टोमणा मारला. टोमणा कसला! हिला स्वतःला ते कळायचंसुद्धा नाही, हात आपले चालूच.

कामही तिला तसंच मिळालं होतं. एका मोठ्या कापडाच्या दुकानात ती शोकेस सजवायची. रस्त्याच्या बाजूला ओळीनं काचा, काचांच्या आत पुतळे, आणि त्या पुतळ्यांच्या मधून दिवसभर वाकत, सरकत, गुडघ्यांवर रांगत फिरणारी ही. दुकानात तिला सगळे काचवाली म्हणायचे. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, तेव्हा आपणही काचवालीच म्हणू.

या कामाची एक गंमत आहे. शोकेस बघणारा माणूस रस्त्यावरून बघतो, म्हणजे समोरून. मागून बघायला तिथं कुणी येत नाही. त्यामुळे समोरून जो कोट पुतळ्याच्या अंगावर मापात शिवल्यासारखा बसलेला दिसतो, तोच मागून बघाल तर हसू येईल. पाठीवर सगळं जादा कापड मुठीत धरून गोळा केलेलं, आणि मानेपासून खालपर्यंत टाचण्याच टाचण्या. काचवालीच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असायच्या आणि तशीच ती बोलायचीही. पुतळ्यांवर तिचा फार जीव. कुरकुर नाही, चुळबुळ नाही, ठेवला तसा राहतो. असं शहाणं माणूस आपल्याला आयुष्यात भेटलं नाही, असं ती नवऱ्याच्या तोंडावर म्हणायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुणाच्या तरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेला. स्वभाव मात्र अगदी तळमजल्यावरचा, कशानं हलायचा नाही. त्याची मोठी बहीण त्यांच्याकडेच राहायची. तिचा नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, शाळेतली नोकरी संपली तशी ती भावाकडे आली. काचवाली तिला वन्सं म्हणायची. हल्ली असं कोण म्हणतं? आधी थट्टेनं म्हणाली, मग तेच तोंडात बसलं. आणि चौथी भिंगरी. काचवालीची लेक, दोन वर्षांची होत आलेली. नावाप्रमाणेच भिंगरी हो! खाली ठेवली की पळाली, उचलली की वळवळली. आईच्या वळणावर गेली होती, दुसरं काय.

काचवाली सकाळी कामावर जायची ती दिवेलागणीला परतायची. तोवर भिंगरीचं खाणंपिणं उरकलेलं असायचं, आणि ती वन्संच्या खांद्यावर पेंगत असायची. आईला बघून हसायची, नाही असं नाही. पण मान काही खांद्यावरून उचलायची नाही.

मायलेकींचा एकत्र खेळ म्हणाल तर एकच होता. दुपारी वन्सं भिंगरीला घेऊन भाजीला निघायच्या आणि वाटेत दुकानावरून जायच्या. आत आई, बाहेर लेक, मध्ये जाडजूड काच. आवाज काही आरपार जायचा नाही. मग काचवाली पुतळ्यांच्या ओळीत जाऊन उभी राहायची. एक हात कमरेवर, मान तिरकी, श्वास रोखलेला. भिंगरी काचेला नाक दाबून बघत बसायची. बराच वेळ ताणून धरून काचवाली हळूच एक डोळा मिचकवायची, की बाहेर ही पोर हसून हसून खाली बसायची. मग तिची पाळी. ती पोट पुढं काढून, दोन्ही हात ताठ करून फुटपाथवर उभी राहायची, आणि आईनं आतून डोळा मिचकावल्याशिवाय सुटायची नाही. जाणारेयेणारे थांबून बघायचे. वन्सं म्हणायच्या, "माझ्यापाशी ही एवढा वेळ उभी राहील तर शपथ."

आता यात दुःख ते काय, असं तुम्ही म्हणाल. दुःख असं, की सकाळी काचवाली घरातून निघायची तेव्हा भिंगरी रडायची नाही. शेजारचा पोरगा आई कामावर निघाली की जिना डोक्यावर घ्यायचा. खालच्या मजल्यावरची मुलगी आईच्या पायाला मिठी मारून फरपटत दारापर्यंत यायची. आणि ही? ठोकळ्यावर ठोकळा रचत वर न बघता हात हलवायची. झालं. सगळे म्हणायचे, "नशीबवान आहेस बाई, काही त्रास नाही." काचवाली हसायची आणि चपला घालायची. तिला त्रास हवा होता हो! निदान एकदा तरी हवा होता.

त्यात दवाखान्यातलं ते झालं. भिंगरीला सर्दी झाली म्हणून काचवालीनं सुट्टी काढून तिला नेलं. वन्संही होत्या. डॉक्टरांनी तपासलं, भिंगरीनं भोकाड पसरलं, आणि नर्सबाईंनी तिला उचलून सरळ वन्संच्या हातात दिलं. "जा बरं आईकडे," असं म्हणाल्या. आई शेजारीच उभी होती, हातात पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन. भिंगरी वन्संच्या गळ्यात पडून गप्प झाली. वन्संनी नर्सबाईंना काही सांगितलं नाही. काचवालीनंही नाही. ती वळली आणि टेबलावरची मासिकं नीट लावत बसली.

त्या दिवसापासून तिनं मनाशी घेतलं, हा वाढदिवस आपण करायचा. पहिला हुकलाच होता. तेव्हा दुकानात सेल लागला होता, आणि ती घरी पोचेपर्यंत केक कापून, खाऊन, डबा धुऊनसुद्धा झाला होता. फोटोत भिंगरी होती, वन्सं होत्या, आणि मागे अर्धा नवरा होता. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. यंदा बघणाऱ्याला कळलं पाहिजे, या पोरीची आई कोण.

"अगं, दोन वर्षांची आहे ती," नवरा म्हणाला. "एक केक आणू, चार फुगे फुगवू, शेजारच्या पोरांना बोलावू. केकात हात घालील, तोंड माखील, झाला वाढदिवस."

"आणि लोक काय म्हणतील? जगाच्या शोकेसा सजवते आणि घरी चार फुगे?"

"लोकांना कोण बोलावतंय?"

"मी," काचवाली म्हणाली. "मोठ्या बाईंना बोलावलंय."

नवऱ्यानं हातातला पाना खाली ठेवला. मोठ्या बाई म्हणजे दुकानाच्या सगळ्या सजावटीच्या वरच्या. त्यांच्या नातवाचा वाढदिवस मागच्याच महिन्यात झाला होता, आणि त्याचे फोटो दुकानात सगळ्यांनी बघितले होते. फुग्यांची कमान काय, नातवाच्या बुटांच्या रंगाचा केक काय! बघून झाल्यावर सगळ्यांनी काचवालीकडे वळून म्हटलं होतं, "तुझ्याकडचं तर काय, बघायलाच नको." बोलणारे बोलून गेले आणि ही घरी येऊन भिंती न्याहाळायला लागली.

वन्संना तिनं गोड आवाजात सांगून टाकलं, "यंदा तुम्ही काही म्हणता काही करायचं नाही. नुसतं बसायचं. सगळं मी बघणार."

"बटाटे तरी उकडून ठेवू का गं? तिला मीठ लावून आवडतात."

"वाढदिवसाला बटाटे? वन्सं, कमाल करता तुम्ही!"

 वन्संना ते लागलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. त्या आत जाऊन धुतलेल्याच चादरी पुन्हा घड्या घालायला लागल्या.

मग घरात जे सुरू झालं ते विचारू नका. बाहेरच्या खोलीतली एक भिंत ओल येऊन पोपडे सुटलेली होती, तिच्यावर वरपासून खालपर्यंत पिवळं कापड लागलं. पिवळं ठरलं म्हणजे पिवळं! पडदे पिवळे, फुगे पिवळे, कागदी फुलं पिवळी. नवऱ्यानं चुकून निळा फुगा फुगवला तर त्याला बोलणी बसली. चाकं गेलेली गाडी, ठोकळे, विटकी दुलई, वन्संची औषधं, सगळं आतल्या खोलीत कोंबलं. कोच तीनदा हलवला आणि चौथ्यांदा पुन्हा होता तिथंच आणला. काचवाली दाराबाहेर जाऊन उभी राहायची, डोळे बारीक करून आत बघायची, येऊन एखादं फूल बोटभर सरकवायची, की पुन्हा बाहेर. रस्त्यावरून कसं दिसतंय ते बघायची सवय, दुसरं काय. जेवताना उठायची, झोपताना उठायची. भिंगरी मध्ये आली की, "हात लावू नकोस गं, हात लावू नकोस!" पोरीचे ठोकळे गेले, गाडी गेली, आणि बापडीला समजेना की घरात राहायचं तरी कुठं. ती वन्संच्या पायांपाशी जाऊन बसायची.

आणि वाढदिवसाचा दिवस उजाडला. केक आला, पिवळाधमक. टेबलाच्या मधोमध ठेवला, मग जरा डावीकडे, मग पुन्हा मधोमध. चहाचं बघायला वन्संना स्वयंपाकघरात बसवलं. दार लोटून घेतलं, कारण आतला पसारा बाहेरून दिसत होता. नवऱ्याला नवा शर्ट घालून पंख्यापासून लांब उभं केलं. "पंखा लावू नकोस, फुलं हलतात." तो घामाघूम होऊन म्हणाला, "मी श्वास घेतला तर चालेल ना?"  तिचं लक्ष फ्रॉककडे होतं.

फ्रॉक दुकानातूनच आणला होता. पिवळा, घेरदार, गळ्याशी पांढरी किनार. भिंगरीच्या मापात तो रंग संपलेला होता, मोठ्या मापात होता. दुसरी कुठली आई दुसरा रंग घेऊन मोकळी झाली असती, नाहीतर टाके घालून बसली असती. काचवालीला मापाची कधी फिकीर पडली होती? तिनं भिंगरीला पलंगावर उभं केलं, फ्रॉक चढवला, पाठीवरचं जादा कापड मुठीत गोळा केलं आणि ओठांतून टाचणी काढली.

भिंगरी वळली. टाचणी निसटली. पुन्हा धरलं, पुन्हा वळली.

"पुतळा!" काचवाली म्हणाली.

भिंगरी जागच्या जागी थिजली. पोट पुढं, हात ताठ. तिचा चेहरा असा काही उजळला की बघत राहावं. आई आज घरात होती, काच नव्हती मध्ये, आणि आई खेळत होती! काचवालीनं मात्र त्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, कारण ती पाठीमागे होती. तिनं भराभर टाचण्या लावल्या. टोकं कापडाच्या घडीत खुपसली, वरून हात फिरवून बघितला. अगदी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. पण तिचा हात वर्षानुवर्षं ज्या पाठींवर बसला होता त्या पाठी श्वास घेत नव्हत्या. समोर येऊन तिनं बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. फ्रॉक अंगासरसा बसला होता. तेवढ्यात बेल वाजली, आणि डोळा मिचकवायचं राहून गेलं.

मोठ्या बाई आल्या, दुकानातल्या आणखी दोघीजणी आल्या, शेजारची माणसं पोरं घेऊन आली. सगळे दारातच थबकले. "अगं बाई! हे तुझं घर? ओळखूच येत नाही." काचवालीला मूठभर मांस चढलं. तिनं भिंगरीला उचलून आणून टेबलामागच्या स्टुलावर उभं केलं. पिवळ्या भिंतीपुढे पिवळा फ्रॉक, पुढे केक, मेणबत्त्या. मोठ्या बाईंनी फोन काढला.

"काय शहाणी आहे हो ही! हलतसुद्धा नाही. आमच्या नातवानं पहिल्या फोटोलाच टेबल उलथं केलं होतं."

"माझ्या वळणावर गेलीय," काचवाली म्हणाली. आयुष्यात एवढी खोटी गोष्ट तिनं दुसरी बोलली नसेल.

फोटो निघायला लागले. केकासकट, केकाशिवाय, जवळून, लांबून. काचवाली मधे मधे धावून एक फूल सरळ करत होती, एक मेणबत्ती वळवत होती, बाजूला होत होती, पुन्हा येत होती. भिंगरी स्टुलावर उभीच. कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती. आई डावीकडे गेली की डोळे डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. मान मात्र जागची हलत नव्हती. शेजारच्या पोरानं एक फुगा फोडला तेव्हा सगळे दचकले, ती नुसते डोळे मिटून पुन्हा उघडून बघायला लागली.

स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. वन्सं म्हणाल्या, "अगं, ही अशी गप्प का? बरंबिरं नाही का तिला?"

"वन्सं, प्लीज!" काचवाली फणकारली. "एक दिवस. आजचा एक दिवस तरी मला बघू द्या तिचं."

सगळ्यांसमोर बोलली. दार लोटलं गेलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती भिंगरीला म्हणाली, "हस ना गं बाळा. हस. सगळे आलेत ना तुझ्यासाठी?"

भिंगरीनं ओठ ताणले. आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी खाली आलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी.

"धूर गेला वाटतं मेणबत्तीचा," मोठ्या बाई म्हणाल्या. "जरा डावीकडे वळव तिला."

काचवालीनं तिला वळवायला एक हात खांद्यावर ठेवला आणि दुसरा पाठीवर. पोरीचं अंग शहारलं. आणि काचवालीच्या बोटाला टाचणीचं नुसतं डोकं लागलं. टोक घडीतून निसटून आत पाठीकडे वळलेलं. तिला ते सांगायला कुणी लागत नव्हतं. ती आंधळी असती तरी तिच्या बोटांनी ते ओळखलं असतं.

"आई गं," ती म्हणाली. मग तिनं काय केलं हे तिला नंतर नीट आठवेना. फ्रॉक किनारीपासून टरकन फाडून काढला एवढं सगळ्यांनी पाहिलं. टाचण्या फरशीवर टणटण उडाल्या, शेजारणीनं आपली पोरं मागे ओढली. पाठीवर दोन ठिकाणी रक्ताचे थेंब होते आणि एक लांब लाल ओरखडा, श्वासागणिक टोक वरखाली होऊन उठलेला.

"मी टोचलं तिला," काचवाली सगळ्यांना सांगत सुटली. "मी टोचलं. इतका वेळ टोचत होतं आणि मी फोटो काढत होते."

"अगं, होतं असं, पोरं पडतात, लागतं," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा फोन अजून वरच होता. तो त्यांनी ओशाळून पर्समध्ये टाकला.

वन्सं धावत बाहेर आल्या. हात पसरून म्हणाल्या, "ये गं माझ्या सोन्या, ये माझ्याकडे." काचवाली मुकाट्यानं बाजूला झाली. आता कुठल्या तोंडानं पुढे होणार होती? जाऊ दे, म्हणाली मनात, जिची आहे तिच्याकडे जाऊ दे.

पण भिंगरी जाईना. चड्डीवर स्टुलावर उभी, पोट पुढं, दोन्ही हात ताठ. वन्सं हाका मारताहेत, बाप जवळ आलाय, पाठीवर रक्त आहे, आणि ही पोर हलत नाही. खालचा ओठ थरथरतोय आणि नजर आईवर.

तेव्हा काचवालीला कळलं. अहो, सुटका कुठं केली होती तिची? खोलीत "पुतळा" म्हटलं होतं आणि बेल वाजली होती. पोर नियम पाळत उभी होती. टोचत होतं तरी उभी होती, रडू येत होतं तरी उभी होती, कारण आईनं खेळायला घेतलं होतं.

काचवालीनं डोळा मिचकवायचा प्रयत्न केला. जमेना. दोन्ही डोळे भरून आले होते, एक मिटायला गेली की दोन्ही मिटायचे. तिनं हातानं एक डोळा दाबून धरला आणि दुसरा उघडा ठेवला. वेडीवाकडी, नाक गळणारी, असली कसली ती खूण! पण भिंगरीला चालली. तिनं हंबरडा फोडला आणि स्टुलावरून सरळ आईच्या अंगावर उडी टाकली.

काय रडली म्हणून सांगू! आईला मारलं, आईचे केस ओढले, दंडाला चावली, आणि गळ्याची मिठी काही सोडली नाही. काचवाली तिला घेऊन फरशीवर बसली. नवऱ्यानं पंखा लावला. कागदी फुलं भिरभिरत सगळ्या खोलीत झाली, पिवळं कापड एका बाजूनं सुटून खाली आलं आणि मागची पोपड्यांची भिंत उघडी पडली. शेजारच्या पोरांनी मोठ्यांची वाट न बघता केकात हात घातले. कुणी त्यांना रागावलं नाही. थोड्या वेळानं भिंगरीनं एका डोळ्यानं तिकडे पाहिलं, हुंदके देत देत बोट दाखवलं, आणि आईच्या मांडीवरूनच तिच्या तोंडात केक गेला. मोठ्या बाईसुद्धा साडी सावरून खाली बसल्या आणि हातावर तुकडा घेऊन खायला लागल्या. गाणं म्हणायचं राहिलं ते कुणीतरी मधूनच सुरू केलं, आणि पोरांनी ते ओरडून संपवलं.

माणसं पांगली तशी काचवाली भिंगरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेली. वन्सं ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. ओट्यावर ताटलीत उकडलेले बटाटे होते, सोललेले, मीठ लावलेले. नको म्हटलं तरी केलेच होते.

"वन्सं, मलम लावायचंय हिला.  तुम्ही लावता का? मी धरते."

वन्सं वळल्या. त्यांनी बोटावर मलम घेतलं आणि पाठीवर हळूहळू लावायला लागल्या. भिंगरीनं आईच्या मानेत तोंड खुपसलं.

"मघाशी बोलले ते..." काचवाली म्हणाली.

"असू दे गं. माझंही एक आहे," वन्सं खालीच बघत म्हणाल्या. "त्या नर्सबाईंना मी सांगायला हवं होतं, मी आई नव्हे म्हणून. सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मला बरं वाटलं होतं."

  काचवालीनं एका हातानं ताटलीतला बटाटा उचलून वन्संच्या पुढे केला, आणि वन्संनी तो खाल्ला.

"उद्या मी कामाला निघाले की ही रडेल," काचवाली म्हणाली. "बघा ना, कशी धरून बसलीय."

"रडेलच. मग? नव्हती रडत तेव्हा तुझ्या जिवाला घोर, आता रडली तर त्याचाही घोर. तुला बाई कुठंच चैन नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी रडली. अशी तशी नाही, जिन्यातून पार खालच्या फाटकापर्यंत ऐकू यावी अशी. वन्संनी तिला पोटाशी धरलं होतं आणि ती दोन्ही हात दाराकडे करून आई, आई म्हणत होती. काचवाली जिन्यात मधल्या पायरीवर थांबली. वर जावं की खाली हे तिला कळेना. एवढे दिवस जे मागत होती ते वरून कानांवर आदळत होतं, आणि ते ऐकवत नव्हतं. ती कठड्याला धरून हमसाहमशी रडली, मग डोळे पुसले, आणि उशीर झाला होता म्हणून धावतच खाली गेली.